वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीच्या बेटावर सात दिवस

सुट्ट्या जवळ येऊ लागल्या तशी मॉरिशसबद्दलची पत्रं वाढली आहेत. नाशिक शहर, सिन्नर, निफाड, देवळाली अशा सगळीकडून ती येतात. बहुतेकांच्या हातात एजंटने दिलेला सहा रात्री-सात दिवसांचा कागद आहे आणि त्यावर काय ठेवावं, काय काढावं हे विचारलं आहे. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५. पण मधोमध उंच पठार असल्यामुळे एकाच दिवशी एका किनाऱ्यावर ऊन असतं आणि दुसऱ्यावर वारा-पाऊस. कोणत्या बाजूला कोणत्या वेळी जायचं हे जमलं, तर सात दिवस पुरतात. ते जमलं नाही, तर अर्धी सुट्टी गाडीत जाते.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला दिवाळी, नाताळ किंवा मे यांपैकीच एक सुट्टी मिळते. कोणती घ्यावी? (गंगापूर रोड)

दिवाळीची घ्या. ती नाही जमली तर मे. नाताळ शेवटी.

नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे, मॉरिशस दक्षिणेला जवळपास तितक्याच अंशांवर. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिना तापतो तेव्हा तिथे उन्हाळा सरून हवा सुखद होत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे थंडी संपते, पाऊस कमी असतो, समुद्र पोहण्याइतका उबदार होऊ लागतो. डिसेंबरअखेर भर उन्हाळा, दमट हवा आणि वर्षातले सगळ्यात चढे दर. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत धरला जातो, पण खरा जोर जानेवारी ते मार्च. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. त्या तीन महिन्यांत जाणारच असाल, तर रद्द करता येईल असंच हॉटेल आणि वादळामुळे झालेला विलंब धरणारा प्रवासविमा घ्या. तिथे वादळाचे इशारे क्लास एक, दोन, तीन असे चढत जातात. क्लास तीन लागला की बस-टॅक्सी बंद होतात आणि सगळ्यांनी घरात थांबायचं असतं. हॉटेलवाले सांगतील तसं वागा, समुद्र बघायला बाहेर पडू नका.

जून ते सप्टेंबर हवा कोरडी आणि गार असते, पण आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा तेव्हा सगळ्यात जोरात असतो. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर वाळू अंगावर येते, होड्या डुलतात. पश्चिम किनारा मात्र पठाराच्या आडोशाला असतो. हा वारा डोंगराला आपटून पठारावर ढग रिकामे करतो. पठारावरच्या क्युरपीप शहराच्या आसपास वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर १००० च्या आसपास. इगतपुरी भिजत असताना सिन्नर कोरडं असतं, तसंच. म्हणून हॉटेलच्या खिडकीतून आकाश बघून दिवस ठरवू नका. किनाऱ्यावर लख्ख ऊन असलं तरी वर जाताना पातळ रेनकोट आणि एक फुल बाह्यांचा कपडा जवळ ठेवा. पठारावर पाचेक अंशांनी गार असतं.

प्रश्न : आम्ही चौघं, मुलं ९ आणि १३ वर्षांची. एजंटने सहाही रात्री उत्तरेकडच्या ग्रां बे इथे दिल्या आहेत. ‘साउथ टूर’, ‘नॉर्थ टूर’ आणि ‘ईल ओ सेर्फ’ (पूर्वेकडचं छोटं बेट) असे तीन दिवस फिरणं, बाकी मोकळे दिवस. हे ठीक आहे का? (इंदिरानगर)

किंमत कमी असेल तर मोह होणारच. पण आम्ही हे पॅकेज असंच्या असं घेणार नाही. बेटावरचं डोंगर, दरी, धबधबे यांचं बहुतेक वैभव नैऋत्येला आहे आणि विमानतळ आग्नेयेला. ग्रां बेहून नैऋत्य टोकाचा ले मॉर्न डोंगर ७० किलोमीटरच्या आसपास. मध्ये पोर्ट लुईची कोंडी लागते, ती सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतर हमखास. म्हणजे एका दिवसाला साडेतीन-चार तास बसमध्ये. शिवाय ‘साउथ टूर’च्या बस बहुधा आधी विवर, मग गंगा तलाव, मग जेवण आणि शेवटी सात रंगांच्या मातीचं शामारेल असा क्रम घेतात. तिथे पोचेपर्यंत दुपार होते, गर्दी झालेली असते आणि पठारावरून ढग खाली सरकू लागलेले असतात.

एजंटला सांगा : चार रात्री पश्चिमेला (फ्लिक-आं-फ्लाक, तामारिन किंवा ला गोलेत), दोन रात्री आग्नेयेला (माएबूर किंवा ब्लू बे). जून-सप्टेंबरमध्ये जात असाल, तर सहाही रात्री पश्चिमेलाच ठेवा आणि आग्नेय बाजू एका दिवसात करा. मग दिवस असे लागतात.

पहिला दिवस पोचण्याचा. विमानतळावर सिम कार्ड घ्या, थोडे पैसे बदला आणि पश्चिमेकडे निघा, तासाभराचा रस्ता. विमानतळाजवळच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठे रचीव ढीग दिसतील, ते मुलांना दाखवा. ऊस लावण्यासाठी मजुरांनी जमिनीतून वेचून काढलेला हा लाव्हाचा दगड आहे. त्यात भारतातून करारावर गेलेले गिरमिटिया मजूरही होते. संध्याकाळी हॉटेलसमोरच्या उथळ पाण्यात डुंबा, बाकी काही नको.

दुसऱ्या दिवशी शामारेल. दार उघडण्याच्या वेळेला तिथे असायचं, म्हणजे साडेआठच्या सुमारास. सात रंगांची माती आणि शामारेल धबधबा एकाच तिकिटात येतात. धबधब्याचा कठडा आधी लागतो, तिथे थांबून मग मातीकडे जा. मातीला ऊन हवं, ढग आले की रंग मरतात. तिथून घाटाने वर, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या व्ह्यू पॉइंटवर. दरीचं एवढं मोठं दृश्य बेटावर दुसरं नाही आणि राष्ट्रीय उद्यानाला तिकीट नाही. पुढे अलेक्झांड्रा धबधबा, गंगा तलाव, ब्वा शेरीचा चहाचा मळा. शेवटी वेळ आणि ढग दोन्ही परवानगी देतील तर क्युरपीपचं त्रू ओ सेर्फ विवर. नाहीच दिलं तर ते चौथ्या दिवशी करा.

तिसरा दिवस ले मॉर्न डोंगर आणि त्याच्या पायथ्याचा किनारा. चढाईबद्दल पुढे लिहिलं आहे. मुलांना पहिल्या टप्प्यापर्यंत सहज नेता येतं.

चौथा दिवस पोर्ट लुई आणि पांपलमूस, पण हा दिवस रविवारी येऊ देऊ नका. रविवारी राजधानी जवळपास बंद असते. आप्रवासी घाट आणि जुनी टपाल तिकिटं असलेलं ब्लू पेनी संग्रहालयही बंद. सकाळी साडेनऊनंतर शहरात शिरा. आप्रवासी घाटाला निदान तासभर द्या. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांहून अधिक गिरमिटिया मजूर इथे उतरले, बहुतेक आपल्याच देशातले. त्यांनी चढलेल्या दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि तरी पॅकेजमध्ये क्वचितच असतं. त्याऐवजी कॉदां वॉटरफ्रंटवर खरेदीला तीन तास ठेवलेले असतात. ही अदलाबदल जरूर करून घ्या. दुपारी पांपलमूसची बाग. परातीएवढी पानं ज्यांची असतात ती व्हिक्टोरिया कमळं तिथे आहेत. बागेजवळच्या जुन्या साखर कारखान्यातलं संग्रहालय उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या आपल्या मुलांना चांगलं कळतं आणि शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला मिळतात.

पाचव्या दिवशी सामान गाडीत टाकून दक्षिण किनाऱ्याने आग्नेयेला जायचं. वाटेत सुयाकजवळ रॉचेस्टर धबधबा. तिथे थंड होताना तडकलेल्या लाव्हाचे उभे खांब पाण्यामागे स्पष्ट दिसतात. मग ग्री-ग्रीचा कडा. बेटाभोवतीची प्रवाळभिंत इथे तुटलेली आहे, म्हणून लाटा थेट कड्यावर येतात. पाण्यात उतरायचं नाही, कड्याच्या टोकावर मुलांना सोडायचं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ब्लू बे, दुपारी ईल ओझेग्रेत. २६ हेक्टरचं हे छोटं बेट मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन सांभाळतं. मूळ जंगल कसं होतं ते तिथे पुन्हा उभं केलं आहे. मोठी कासवं आणि गुलाबी कबुतरं मोकळी फिरतात. वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, म्हणून आधी नाव नोंदवा. ईल ओ सेर्फला जायचंच असेल तर याच दिवशी जावं लागेल. पण अकरा वाजता तिथला किनारा गजबजतो आणि दिवस पॅरासेलिंगच्या रांगेत जातो. मुलांना शिकायला आणि बघायला मिळावं असं वाटत असेल, तर आम्ही ब्लू बे आणि ईल ओझेग्रेत निवडू.

सातव्या दिवशी विमानाच्या वेळेप्रमाणे माएबूर. सोमवार असेल तर तिथला मोठा आठवडी बाजार मिळतो. विमानतळ वीस मिनिटांवर, त्यामुळे शेवटची घाई नाही.

प्रश्न : मी भूगोल शिकवते. ज्वालामुखीचं बेट आहे, तर लाव्हा दिसेल का, धोका किती? आणि बेट काळ्या दगडाचं, मग वाळू पांढरी कशी? (सिन्नर)

लाव्हा दिसणार नाही आणि धोकाही नाही. मॉरिशस समुद्रातून वर आलं त्याला ८०-९० लाख वर्षं झाली आणि शेवटचा उद्रेक हजारो वर्षांपूर्वीचा आहे. जिवंत ज्वालामुखी शेजारच्या रियुनियन बेटावर आहे. पितों द ला फूर्नेज, २६३२ मीटर उंच, जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुखींपैकी एक. विमानाने तासाभराच्या आत पोचता येतं, पण ते बेट फ्रान्सचा भाग आहे. मॉरिशसमधला प्रवेश तिथे चालत नाही आणि साधा शेंगेन व्हिसाही आपोआप लागू होत नाही. सात दिवसांत दोन्ही बेटं कोंबू नका.

तुमच्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या उष्ण स्रोतावरून भारताचं भूखंड सरकत होतं, त्यातून आलेल्या लाव्हाचे थर म्हणजे आपलं दख्खनचं पठार, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, स्रोत मागे राहिला आणि वाटेत त्याने समुद्रात बेटांची माळ उभी केली. मॉरिशस त्या माळेच्या शेवटाकडचं. रियुनियनखाली तो स्रोत आज आहे. अंजनेरी-ब्रह्मगिरीचा कातळ आणि ले मॉर्नचा कातळ एकाच उगमाचे आहेत. सहलीआधी सिन्नरच्या रस्त्यालगतचा बेसॉल्टचा एखादा ताजा तुकडा नीट पाहून ठेवा आणि तिथे त्याच्याशी पडताळा. दगड खिशात घालून मात्र आणू नका.

वाळू पांढरी, कारण ती लाव्हाची नाहीच. बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतीचा आणि शिंपल्यांचा तो चुरा आहे. जिथे भिंत तुटते किंवा नदी समुद्राला मिळते, तिथे किनारा काळपट होतो. सात रंगांच्या मातीचं कारणही रसायनाचं आहे. उष्ण-दमट हवेत बेसॉल्ट कुजून चिकणमाती होते. पाऊस त्यातली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेतो. मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. लोहामुळे लाल-तपकिरी, ॲल्युमिनियमकडे झुकलेल्या थरांत निळसर-जांभळ्या छटा. माती इतकी निकस असते की तिथे काही उगवत नाही, म्हणून रंग उघडे राहतात.

त्रू ओ सेर्फचं विवर सुमारे ३०० मीटर रुंद आहे. कडेने गोल रस्ता आहे, पंधरा-वीस मिनिटांत प्रदक्षिणा होते. तळाशी पाणी आणि झाडी दिसते. विवराच्या आत उतरू नका, उतार निसरडे आहेत. मुलांना लाव्हाची गुहा दाखवायची असेल, तर ईशान्येला रोश न्वारच्या बाजूला लाव्हानळ्या आहेत. वरचा लाव्हा थिजला आणि आतला वाहून गेला, की अशी पोकळी उरते. स्थानिक वाटाड्या, टॉर्च आणि बंद बूट असल्याशिवाय आत जाऊ नका.

प्रश्न : आम्ही दोघंही सत्तरीच्या उंबरठ्यावर. यजमानांचे गुडघे दुखतात. गंगा तलावाचं दर्शन घ्यायचं आहे. आम्ही कांदा-लसूण खात नाही. (पंचवटी)

ताई, गंगा तलाव तुम्हाला सोपा जाईल. गाडी अगदी जवळ जाते आणि तलावाकाठी सपाट फरसबंदी आहे. तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, जुन्या विवरात साठलेल्या पाण्याचा. १९७२ मध्ये गंगाजल आणून त्यात मिसळलं, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. वाटेवर मंगल महादेवाची ३३ मीटरची मूर्ती आणि तेवढीच दुर्गेची मूर्ती. सकाळी दहाच्या आत जा, नंतर धुकं आणि बस दोन्ही येतात. फरशी ओली असते आणि चपला काढाव्या लागतात, म्हणून यजमानांना रबरी ठिपक्यांचे मोजे घालू द्या. माकडं हातातला प्रसाद हिसकतात, पिशवी बंद ठेवा.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात हजारो लोक कावड घेऊन चालत येतात. तो सोहळा पाहायलाच जायचं असेल तर उत्तम, पण तेव्हा गाडी लांब थांबवून बरंच चालावं लागतं. तुमच्यासाठी तो आठवडा नको.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. धोल पुरी म्हणजे वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, रस्त्यावर जोडीने मिळते. गातो पिमां म्हणजे वाटलेल्या डाळीचे तिखट वडे. पण पोळीसोबतच्या रस्स्यात आणि टोमॅटोच्या रुगाय चटणीत कांदा-लसूण असतोच. कोरडी धोल पुरी मागून घरचं लोणचं-चटणी लावा. हॉटेलला बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, पोचल्यावर नको. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतलात तर सगळ्यात सुटसुटीत. डाळ, तांदूळ, पीठ, मसाले तिथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे पाठ करून ठेवा.

यजमानांसाठी शामारेल, गॉर्जेस व्ह्यू पॉइंट, पांपलमूस हे सगळं जमण्यासारखं आहे. बागेत बॅटरीवर चालणारी गाडी मिळते का ते दारातच विचारा. रॉचेस्टर धबधब्याची दगडी पायवाट टाळा. रोजच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. औषधांबाबत तिथले नियम कडक आहेत. खोकल्याची आणि झोपेची औषधं विशेषतः चिठ्ठीशिवाय नेऊ नका.

प्रश्न : आम्ही दर रविवारी सह्याद्रीत भटकतो. तिथे ले मॉर्न करावा की सर्वोच्च शिखर? (देवळाली कॅम्प)

एकच जमणार असेल तर ले मॉर्न. उंची ५५६ मीटर, शिखराच्या खालच्या क्रॉसपर्यंतच जाता येतं. जाऊन-येऊन तीन-चार तास. पहिला टप्पा रुंद मातीचा रस्ता, झाडीतून हळूहळू चढणारा. त्याच्या शेवटी लगूनचा, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्याचा देखावा आहे आणि ज्यांना पुढे जायचं नाही त्यांनी तिथूनच परतावं. पुढे कातळावर हाताने धरत चढायचं. तुम्हाला कातळ नवा नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर दुसरा टप्पा सोडा, झिजलेला बेसॉल्ट ओला झाला की बूट धरत नाही. आणि उतरताना तोंड कातळाकडे ठेवा. अपघात उतरतानाच होतात. साडेसहाच्या सुमारास सुरुवात करा, माणशी दोन लिटर पाणी, टोपी, घट्ट तळव्याचे बूट. सकाळी हवा गार असते, दहानंतर ऊन तापतं.

डोंगराचा इतिहास चढण्याआधी वाचून जा. पळून आलेले गुलाम या कड्यांवर लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरची गुलामगिरी संपली, तो दिवस आजही सुट्टीचा आहे. २००८ मध्ये ले मॉर्नला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. वर गेल्यावर आरडाओरडा आणि गाणी नकोत.

सर्वोच्च शिखर पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार ८२८ मीटर. वाट गॉर्जेस व्ह्यू पॉइंटजवळच्या रस्त्यावरूनच निघते, म्हणजे बरीचशी उंची गाडीने आधीच गाठलेली असते. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर, बराच भाग जंगलातून सपाट, शेवटची पंधरा-वीस मिनिटं दोर धरून खडी चढण. चिखल ठरलेला. धुकं असेल तर वरून काही दिसत नाही.

प्रश्न : पोहता येत नाही. स्नॉर्कलिंग करता येईल का? आणि इंटरनेटवर दिसतो तो पाण्याखालचा धबधबा कुठून बघायचा? (कॉलेज रोड)

धबधब्याचं आधी. तो धबधबा नाही, ले मॉर्नच्या टोकाजवळ वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे घसरत जातात, त्याचा वरून होणारा भास आहे. होडीतून किंवा किनाऱ्यावरून काहीच दिसत नाही. हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातूनच दिसतो आणि ते महाग आहे. ‘बोटीने धबधबा दाखवू’ असं कोणी म्हटलं तर नको म्हणा.

स्नॉर्कलिंग लाइफ जॅकेट घालून नक्की करता येतं. जागा ब्लू बे, वेळ सकाळी नऊच्या सुमारास, वारा उठायच्या आत. आधी कंबरभर पाण्यात उभं राहून सराव करा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास ओढा. तो चिकटून राहिला तर मापाचा, हवा शिरली तर बदलून घ्या. केसांची बट किंवा मिशी मध्ये आली की पाणी झिरपतं. काचेला आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून विसळलं की धुकं धरत नाही. मग नळी तोंडात धरून दोन-तीन मिनिटं फक्त चेहरा पाण्यात ठेवून सावकाश श्वास घ्या. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारली की बाहेर पडतं. घाबरून नळी काढणारेच पाणी पितात. हे जमल्यावरच होडीतून उतरा आणि होडीच्या दोराजवळ राहा. प्रवाळभिंतीत जिथे खिंड आहे तिथे ओढ फार असते, त्या दिशेला अजिबात नाही. पाण्यात उतरायचंच नसेल तर काचेच्या तळाची होडी घ्या. होडीला पर्यटन प्राधिकरणाचा परवाना आहे का, एवढं विचारून घ्या.

पाण्यात रबरी बूट घालाच. लाव्हाचे दगड धारदार, समुद्री साळूचे काटे आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि लगेच रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११४, पोलिसांचा ९९९.

प्रवाळावर उभं राहू नका. एका बोटाएवढी फांदी वाढायला वर्षं लागतात आणि समुद्र तापल्यामुळे प्रवाळं आधीच फिकी पडत चालली आहेत. शिंपले, प्रवाळ विकत घेऊ नका, बाहेर नेता येत नाहीत. तामारिनच्या उपसागरात डॉल्फिन सकाळी विश्रांतीला येतात. रात्रभर शिकार केल्यानंतरची ती त्यांची झोपेची वेळ. दहा-बारा होड्या त्यांना घेरतात आणि माणसं अंगावर उड्या मारतात, हे बघवत नाही. डॉल्फिन बघायचे तर लांब थांबणारी, पाण्यात न उतरवणारी होडी शोधा, नाहीतर तो बेत सोडून द्या.

प्रश्न : तिथे आमचे ओळखीचे आहेत. द्राक्षांची एक पेटी नेली तर चालेल? (निफाड)

नाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं, रोपं परवान्याशिवाय नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कीड-रोगाला बेटं लवकर बळी पडतात, त्यामुळे हा नियम योग्यच आहे. बंद पाकिटातला चिवडा, चिक्की, लाडू न्या.

प्रश्न : गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवावी का? पैसे किती रोख न्यावेत? (सातपूर)

वाहतूक डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. गोंधळ होतो तो चौकांत. गोल चक्रात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं आणि तिथे हे सगळे पाळतात. आपल्या सवयीने नाक खुपसलं की ठोकर ठरलेली. गावातले रस्ते अरुंद, पदपथ नसलेले, अंधारात चालणारी माणसं आणि सुटी कुत्री. म्हणून संध्याकाळी सहानंतर शक्यतो चालवू नका. शामारेलचा घाट दुसऱ्या गिअरवर उतरा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा आणि विम्यात टायर-काच धरली आहे का ते वाचा. लहान मुलासाठी खास आसन आधी सांगून ठेवा.

आम्ही सुचवू ते असं : वरच्या बेतातला दुसरा, तिसरा आणि पाचवा दिवस गाडी किंवा दिवसभराची टॅक्सी, पोर्ट लुईला बस किंवा मेट्रो. टॅक्सीचं भाडं निघण्यापूर्वी, थांबण्याच्या जागा मोजून ठरवा. ‘दुकान दाखवतो’ हे त्यातून वगळायला सांगा.

मॉरिशसचा रुपया आपल्या जवळपास पावणेदोन-दोन रुपयांना पडतो. जाताना त्या दिवसाचा दर बघा. १२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालं आहे, पण सगळ्या दुकानांत नाही. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार इथूनच सुरू करून घ्या. धोल पुरी, बस, बाजार यांना रोखच लागते. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे असतात, ॲडॅप्टर इथेच घ्या. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, दोन कापडी पिशव्या बॅगेत टाका. पॅकेज घेताना कापला जाणारा टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा आयकर) विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, त्याची पावती जपा. पर्यटक कर किमतीत धरला आहे का, हेही लेखी विचारा.

प्रश्न : तिथे मराठी बोलणारे भेटतील? (मखमलाबाद)

भेटतील, शोधलं तर. कोकणातून आणि इतर भागांतून गेलेल्या मजुरांचे वंशज आज तिथले मराठी. पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावात त्यांची जुनी वस्ती आहे. मराठी भाषा शाळांतून शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि समुद्रकिनारी विसर्जन होतं. रोजची भाषा मात्र फ्रेंचवरून घडलेली क्रिओल. तरुणांना मराठी बोलता येतेच असं नाही, म्हणून ‘मराठी असून येत नाही?’ असं विचारू नका. पाच-सहा पिढ्या, दुसरा समुद्र, दुसऱ्या भाषा, तरी आरती टिकली आहे. गणपतीच्या दिवसांत गेलात तर मंडपात जरूर जा, पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

प्रश्न : व्हिसा आधी काढायचा का? आणि नाशिकहून किती वाजता निघावं? (ओझर)

आठवड्याच्या सहलीसाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली असू द्या. परतीचं तिकीट, सगळ्या रात्रींचं हॉटेल बुकिंग आणि खर्चाची सोय दाखवता आली पाहिजे. ही तिन्ही कागदावर छापून न्या, फोनची बॅटरी रांगेतच संपते. प्रवेशाचा डिजिटल फॉर्म निघण्याआधी भरून त्याची प्रत ठेवा. पासपोर्टचं नूतनीकरण बाकी असेल तर तिकिटाआधी ते करा.

मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांचं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं धरलं आणि नाशिकहून रस्त्याला चार-पाच तास, तर विमानाच्या वेळेआधी साडेआठ-नऊ तास घर सोडा. पावसाळ्यात कसाऱ्याला दरड किंवा भिवंडीला कोंडी झाली, तर तेवढाच वेळ उपयोगी पडतो. पहाटेचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच मुंबई गाठा. परतताना उरलेले मॉरिशस रुपये तिथल्या विमानतळावरच बदला, नाशिकमध्ये ते घेणारं कोणी सहज मिळत नाही.